तबकडीवरचा मोर

मी चावीचं मनगटी घड्याळ बोलतोय. जन्म स्वित्झर्लंडचा, कंपनी 'मॉरलें'. पण कन्नड गावात मला त्या नावानं कुणी ओळखलं नाही. माझ्या तबकडीवर नावाच्या वर एक इवलासा हंस आहे. माझे मालक मुंजाबा, त्यांनी तो मोर ठरवला आणि मी 'मोराचं घड्याळ' झालो. बढतीच म्हणायची!

साखर कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मुंजाबांनी मला शहरातल्या शहागंज बाजारातून आणलं. बायकोला, वच्छलाबाईंना, म्हणाले, "अस्सल हाय बरं का." पुढं ते गेले. वच्छलाबाई रोज सकाळी चहाआधी मला चावी देऊ लागल्या.

यंदा दिवाळीला नातू विश्वजीत नवं मॉरलें घालून आला. ताटलीएवढं, काळंभोर, सरळसोट अक्षरं, पक्षी गायब. मला शेजारी ठेवून म्हणाला, "आजी, आजोबांना कुणीतरी फसवलं. हे डुप्लिकेट आहे."

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईंनी मला चावी दिली नाही. मी बंद पडलो, त्याचं एवढं नाही. माझ्यापायी मुंजाबा खोटे ठरले, हे फार लागलं.

आठव्या दिवशी त्यांनी मला पदरात बांधलं, नातवाला बरोबर घेतलं आणि एसटीनं शहागंज गाठलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या कासिमभाईंनी डोळ्याला भिंग लावून माझं झाकण उघडलं.

"बिल्कुल असली है, अम्मा. पहले इनके घड्याळ ऐसेइच आते थे. छोटे, तिरछे अक्षर, उपर बदक. फिर सेलवाले चौकोनी निकाले. फिर बड़े का फॅशन आया, तो बदक उड़ा दिया. अब सुना, बदकवाला फिर से बनारे."

विश्वजीत ओशाळला. "म्हणजे आता कंपनीच आजोबांच्या घड्याळाची नक्कल करतेय!"

"डायल पीली पड़ गई," कासिमभाई म्हणाले. "आजकल की नई डाल दूँ?"

माझा जीव टांगणीला लागला. कंपनीनं हवी तेवढी रूपं पालटावीत, पण मुंजाबांनी ज्या तोंडाकडं बघून आयुष्य काढलं, ते माझं राहू द्या की!

"नाय बाबा," वच्छलाबाई म्हणाल्या. "हाय तसंच ऱ्हाऊ दे."

दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी मला चावी दिली. मी चालू झालो. मला कानाशी धरून त्या हळूच म्हणाल्या, "लई चुकलं वो माझं. आठ दिस तुमच्यावर इस्वास ठेवला नाय."

हे माझ्यासाठी नव्हतं. पण ज्यांच्यासाठी होतं ते आता नाहीत, म्हणून मीच ऐकून घेतलं.