नकाशात नसलेली पायरी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. भिंतीला टेकवून ठेवतात ती बांबूची नव्हे. विमानाच्या दाराला लागणारी, चार चाकांची, सतरा पायऱ्यांची. खरं तर अठरा. त्या अठराव्या पायरीवरूनच सगळं रामायण घडलं, तेव्हा ती नीट ध्यानात ठेवा.

माझा जन्म चिंचपोकळीचा, रुळांच्या कडेला असलेल्या एका कारखान्यातला. मला घडवलं दौलत नावाच्या फिटरनं. मी पुरी झाले त्या दिवशी त्यानं आपल्या आईला, शांताबाईंना, काळाचौकीहून मुद्दाम आणलं. म्हातारीनं चपला काढल्या, मला हात लावून तो कपाळाला लावला आणि पाय उचलला. गुडघा तिथंच अडला.

"रे दौलत, देवळाची पायरी पण इतकी उंच नसता," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी दौलतनं खाली एक बुटकी पायरी जोडली. तपासायला आलेल्या साहेबांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि ही यात नाही, काढून टाका, असं बजावलं.

"साहेब, विमान उंच आहे. माणसं नाहीत," दौलत म्हणाला आणि ब्रश फिरवत राहिला. ओला रंग साहेबांच्या बुटाला लागला. ते तो पुसत बसले, तोवर मी ट्रकवर चढलेसुद्धा.

घाटापलीकडच्या एका शहरात, वस्तीच्या ऐन पोटात, एक विमानतळ होता. नाव विचारू नका, शहर लाजेल. भिंतीपलीकडच्या बायका विमान आलं की वाळत घातलेली लुगडी धरून उभ्या राहत. तीस वर्षं मी तिथं राबले. एकदा एक विमान मला न विचारता सुटलं. मी तीन मैल त्याच्यामागं धावले, पायलटनं खिडकीतून हात जोडले, तेव्हा कुठं थांबले. खोटं वाटत असेल तर माझ्या पुढच्या डाव्या चाकाला विचारा.

मंत्री चढले, पैलवान चढले. पहिला पाय सगळ्यांचा त्या बुटक्या पायरीवर. पहिल्यांदाच उडणारी माणसं तर माझ्या पायथ्याशी चपला काढत, पायरीला नमस्कार करत आणि तशीच अनवाणी आत जाऊन बसत. मग सामान चढवणारा आमचा बाबुराव चपलांचे जोड काखेत मारून वर धावे. मावशी, उतरल्यावर उन्हात काय डोक्यावर चालणार, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

पुढं वीस कोसांवर नवा विमानतळ झाला. तिथं म्हणे माणसं नळीतून विमानात शिरतात, पायांना जमीन लागतच नाही. आमचा बंद पडला. सात वर्षं मी गवतात उभी होते. बाबुराव निवृत्त झाला, तरी अधूनमधून येऊन चाकांना वंगण घालून जाई. एका दिवाळीनंतर तोही आला नाही.

धावपट्टीवर टॉवर उठू लागले, तेव्हा बिल्डरच्या माणसांना माझी आठवण झाली. फ्लॅट बघायला येणाऱ्यांसाठी एक झगमगीत दालन, आणि त्यात शोभेला मी, असा त्यांचा बेत. सोनेरी रंग, चाकं सिमेंटात, भोवती मखमली दोर आणि पाटी: 'पाय ठेवू नये'. शिडीच्या गळ्यात ही पाटी!

डागडुजीला मला माझ्याच चिंचपोकळीच्या कारखान्यात धाडलं. तो आता दौलतची मुलगी रुपाली चालवते. बिल्डरचा सजावटकार पुष्कर पाहणीला आला. जुना नकाशा मोबाइलवर उघडून त्यानं वरून पायऱ्या मोजल्या. सतरा झाल्या, तरी एक उरली. ही मूळची नाही, गॅस कटरनं उडवा, असं त्यानं फर्मावलं.

मी सगळे बोल्ट आवळून धरले. कापून तर बघ, म्हटलं.

रुपालीनं कटरला हात लावला नाही. तिनं आतून वडिलांना बोलावलं. ऐंशीचा दौलत काठी टेकत आला. चपला काढल्या, बुटक्या पायरीला हात लावून नमस्कार केला, आणि कठडा धरून एकेक पायरी चढत थेट टोकाला जाऊन बसला.

"काप आता," त्यानं वरून सांगितलं. "मी उतरणार कसा, तेवढं मात्र तू बघ."

पुष्करनं खालून समजावलं, विनवलं, मोठ्या साहेबांना काय सांगू म्हणून काकुळतीला आला. दौलतला तसंही कमी ऐकू येतं. त्या दिवशी तर मुळीच येईना.

"वर जाऊन बोला, सर," रुपाली म्हणाली. "बाबांचे कान त्यांच्याबरोबर वरच गेलेत."

शेवटी पुष्कर वर जायला निघाला. नजर वरच्या म्हाताऱ्यावर, आणि पाय आपसूक त्या बुटक्या पायरीवर पडला. तो थबकला. खाली पाहिलं. बूट उचलला, पुन्हा तिथंच ठेवला. मी जराशी करकरले. तेवढा हक्क माझा होता.

"राहू दे ही," तो पुटपुटला.

"आणि चाकं?" रुपालीनं लगेच विचारलं.

"मोकळी राहू देत."

पुष्करनं सोबत आणलेल्या त्या पाटीवर आता कारखान्यातली माणसं चहाचे ग्लास ठेवतात.

उद्या मी माझ्या धावपट्टीवर परत निघाले आहे. तिथल्या टॉवरांनी मला उंचीचा रुबाब दाखवू नये. त्यांच्यात माणसं लिफ्टनं वर जातात. माझ्यावर ती स्वतः चढतात. मित्रांनो, जुन्या वस्तूला जपायचं असेल तर तिच्याभोवती दोर बांधू नका, तिच्यावर पाय ठेवा. फक्त चपला काढल्यात तर आपल्या आपण हातात घ्या. वर आणून द्यायला आता बाबुराव नाही.