हिरवा कोपरा

त्या ऑगस्टमध्ये आमचं लोअर विक्सली पार भाजून निघालं. चर्चच्या आवारातलं गवत पिवळं, क्रिकेटचं मैदान पिवळं, आमची कुरणं तर खाकी पडली. हिरवा राहिला तो एकच तुकडा, आमच्याच शेताच्या वरच्या टोकाचा, कुंपणाआडचा. आजोबांनी तिथे चारी बाजूंनी ब्लॅकथॉर्नची काटेरी झुडपं लावली होती आणि बाबांना बजावलं होतं, इथे नांगर घालायचा नाही, गुरं सोडायची नाहीत. बाबांनी तेच डेसला बजावलं. का, ते कोणी सांगितलं नाही, आणि आमच्या घरात का म्हणून विचारायची पद्धत नव्हती.

डेस म्हणजे डेझमंड, माझा धाकटा भाऊ. गावातल्या शेवटच्या दुभत्या गाई त्याच्याच. त्याला बायको मिळाली नाही असं लोक म्हणतात. मी म्हणते, गाईंनी मिळू दिली नाही. एखादी आजारी पडली की हा गोठ्यातच पथारी टाकतो. माझा नवरा गेल्यावर मी माहेरी परतले, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. दिवसभर एकमेकांवर खेकसतो, पण ह्या माणसाला काही झालं तर माझं काय, हा विचार मी मनाच्या उंबऱ्यावरच अडवते.

कोपऱ्याचं खूळ काढलं ते लायनेल पीचीने. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर गावात इतिहास मंडळ काढून रोमन लोकांच्या मागे लागला. त्याचं दुखणं वेगळंच होतं. शेजारच्या अप्पर विक्सलीत कोण्या रोमन धनिकाच्या घराची नक्षीदार फरशी सापडली आहे. तेव्हापासून त्यांच्याकडे बस भरभरून लोक येतात, चहाचं दुकान चालतं, हमरस्त्यावर पर्यटनस्थळाची तपकिरी पाटी लागली आहे. आमच्याकडे काय, तर चर्चचं एक जुनं, नॉर्मन राजांच्या काळातलं दार आणि माळावरचा एक उंचवटा. लायनेल त्याला राजाचं थडगं म्हणतो, डेस सशांचं बीळ म्हणतो.

एका सकाळी लायनेल आमच्या स्वयंपाकघरात आला आणि ड्रोनने काढलेला फोटो त्याने टेबलावर पसरला.

"कडा बघ, डेझमंड. कशा सरळ आहेत! निसर्ग सरळ रेघा मारत नाही."

"आजोबांनी कुंपण सरळ लावलंय म्हणून."

"कुंपणाच्या आत बघ ना! हा लांबट चौकोन. खाली काहीतरी आहे, म्हणून तेवढंच गवत हिरवं. आणि तुझे आजोबा तिथे कोणाला पाय ठेवू देत नव्हते. का? दोन हजार वर्षं शेतकऱ्यांनी ती जागा सोडली, देवाची म्हणून! कारण विसरले, भीती राहिली."

"आमचे आजोबा देवाला रविवारचा तासभरसुद्धा देत नव्हते," मी म्हटलं.

लायनेलने माझ्या बोलण्याकडे काणाडोळा केला. डेस मात्र फोटो उलटसुलट करून बघत होता.

"अप्परवाल्यांच्या फरशीपेक्षा मोठं निघेल?" त्याने विचारलं.

झालं. मासा गळाला लागला.

कुंपण डेसने स्वतः तोडलं. ब्लॅकथॉर्नचा काटा चिघळतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण हातमोजे घातले तर तो डेस कसला. शनिवारी दुपारपर्यंत त्याचे हात कोपरापर्यंत ओरबाडले होते. मंडळाच्या लोकांनी एक चौकोनी खड्डा आखला. वरच्या मातीत लाल खापराचे दोन तुकडे मिळाले तेव्हाच लायनेलचा आवाज चढला. गुडघाभर खोल गेल्यावर फावड्याखाली पांढरं लागलं आणि तो चक्क गुडघ्यांवर बसला.

"चुना! चुन्याची जमीन! रोमन!"

त्या जमिनीत हाडं होती. आधी बरगड्या, मग पाय, मग आखूड, वाकड्या शिंगांची एक कवटी. डेसने ती उचलून मांडीवर घेतली आणि तिच्या कपाळावरून अंगठा फिरवला.

"ही तर आजोबांच्या गाईंसारखी दिसते. घरातल्या त्या जुन्या फोटोतल्या."

"रोमनांच्या गाई लहानखुऱ्याच असायच्या," लायनेल म्हणाला. "बळी दिलाय, डेझमंड. देवळाच्या जमिनीत बळी! जिल्ह्याच्या पुरातत्त्ववाल्या बाई पंधरा दिवसांनी येतायत. त्यांच्यासमोर सगळं मांडू."

मी खड्ड्यात डोकावले. एकीवर एक अशा गाई पडल्या होत्या, पाय ताठ, अंगाचं एकही हाड सुटं झालेलं नाही.

"बळी दिला तर खाल्ला का नाही?" मी विचारलं. "सुरीची एक खूण दिसत नाही."

"देवासाठी राखला असेल."

मला तो चुना आवडला नाही. भसाभस ओतल्यासारखा होता. जमीन करणारा माणूस असा चुना ओतत नाही.

तरी रविवारी गावच्या हॉलमध्ये मीही सगळ्यांबरोबर बसले. मोठाल्या परातींत पाणी, हातात जुने टूथब्रश, मध्ये लिंबाचा केक. डेस माझ्या शेजारी बसून दात घासून देत होता, कोणा गाईचे कोण जाणे. इतका खूश मी त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मलाही बरं वाटलं.

सोमवारी बघते तर त्याने वरचं फाटक उघडलं होतं.

"डेस, तिथे गुरं?"

"कुंपण तुटलंच आहे. पोरी उपाशी आणि तिथे गवत गुडघाभर. लायनेलचा देव रागावला तर लायनेलला खाईल."

गाई खड्ड्याभोवती, उपसलेल्या मातीच्या ढिगावरून चरत होत्या.

शुक्रवारी मी ईडी आत्याला भेटायला शहरातल्या वृद्धाश्रमात गेले. आत्या पंचाण्णव वर्षांची, बाबांच्या पिढीतली तेवढीच उरलेली. तिची गंमत करावी म्हणून मी रुमालातून एक दात नेला होता. तो मी तिच्या बशीशेजारी ठेवला.

"ओळख बघू, कोणाचा?"

"कुठून आणलास?"

"आपल्या वरच्या कोपऱ्यातून. लायनेल म्हणतो रोमन आहे."

आत्याने खुर्ची मागे रेटली. तिच्या अंगात एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

"हात धू. आत्ताच्या आत्ता! साबण लावून."

मी धुऊन आले तोवर तिने दातावर कप पालथा घातला होता.

"रोमन कसले, मेले! वडिलांच्या गाई आहेत त्या. काळपुळी, अँथ्रॅक्स, आली होती गोठ्यात. मी नऊ वर्षांची असेन. उभ्या उभ्या कोसळायच्या, नाकातून काळं रक्त, आणि ते रक्त थिजायचंच नाही. पोलिसांना कळवायचा कायदा होता. पण कळवलं असतं तर आमचं दूध कोणी घेतलं असतं? वडिलांनी तिथेच खड्डा केला. जमीन गोठलेली, खोल जाईना. गाई ढकलल्या, चुना ओतला, काटे लावले. आणि आम्हा पोरांना बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली."

मी विचारलं, "आणि जोकाका?"

जोकाका म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, बाबांचाही. आत्या नऊ वर्षांची असताना तो ऐन तारुण्यात तापाने गेला, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"ताप मागून आला. आधी मनगटावर पुळी आली. मध्ये काळी, अगदी कोळशासारखी. गाई त्यानेच ओढल्या होत्या ना. आई म्हणाली, डॉक्टर बोलवा. वडील म्हणाले, डॉक्टरला कळेल. आणि जोदादा आपला हसायचा. म्हणायचा, अगं आई, दुखत नाही मुळी." आत्याने कप दोन्ही हातांनी दाबून धरला. "दुखत नव्हतं, हिलरी. म्हणून तर आम्ही थांबलो."

डेसचा मोबाइल ड्रॉवरमध्ये असतो. मी पार्किंगमधून फोन केला, गाडी चालवताना केला, अप्पर विक्सलीच्या तपकिरी पाटीखाली थांबून पुन्हा केला. वाजत राहिला.

अंगणात हौदाशेजारी डॉर्कस आडवी पडली होती, त्याची सगळ्यात लाडकी गाय. पोट फुगलेलं, नाकाखालच्या फरशीवर काळपट ओघळ. तो अजून ओला होता. डेस तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

"सकाळी ठणठणीत होती गं. दुधाला नीट उभी राहिली."

"हात काढ! डेस, हात काढ तिच्यावरून!"

"ओरडतेस काय? गुरांच्या डॉक्टरला फोन करायला उठतच होतो."

तो उठला आणि पँटला हात पुसू लागला. त्याच्या बाह्या वर सरकलेल्या होत्या. काट्यांचे ओरखडे सुकत आले होते. मनगटाच्या आतल्या बाजूला मात्र सूज होती, सुजेवर बारीक फोडांचं कडं, आणि मधोमध शर्टाच्या बटणाएवढा काळा खपला.

"हे कधीपासून?"

"बुधवारपासून असेल. काटा लागलाय."

मी तिथेच उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं. आजोबा, चुना, जोकाका. तो ऐकत होता, पण बघत होता वर, तुटलेल्या कुंपणाकडे. त्याच्या बाकीच्या गाई तिथे माना खाली घालून चरत होत्या.

"हिल," तो हळूच म्हणाला, "हे डॉक्टरला कळलं तर पोरींचं काय करतील?"

"मला नाही माहीत. गाडीत बस."

"आधी त्यांना खाली आणतो. दूध काढायची वेळ झालीये. सोमवारी जाऊ की." त्याने अंगठ्याने तो खपला दाबून दाखवला आणि मला धीर द्यायला हसला. "बघ ना. मुळीच दुखत नाही."

लहानपणी धरायचे तशी मी त्याची कॉलर धरली आणि त्याला गाडीत कोंबलं. वाटभर तो माझी थट्टा करत होता, हसत होता. ते हसणं मला ऐकवत नव्हतं.