कबूल केलेला बोकड

बुटाच्या नाडीचं पितळी टोक कधीच निघून गेलं होतं आणि सुटलेले धागे काही केल्या भोकातून जाईनात — देवमनने ते जिभेवर ओले केले, पिळले, पुन्हा रेटले... पलटणीत हे काम तो डोळे मिटून करायचा. आता कचेरीत तो वहाणा घालून जातो. तरी आज रविवारची सकाळ होताच त्याने खाटेखालून बूट ओढले होते, आणि आपण हे का करतो आहोत, हे स्वतःला विचारायचं शिताफीने टाळलं होतं.

चीनच्या सीमेवरून रोज वाईट बातम्या येत होत्या. काल जुन्या शहरातल्या हॉटेलात, रेडिओभोवती, कुणीसं म्हणालं, पलटणीतून सुटून आलेल्या राखीव शिपायांना परत बोलावणार. ते ऐकून त्याला बरं वाटलं — लाज वाटावी इतकं बरं! कचेरी सुटेल म्हणून? की अमरावतीच्या मासिकाला द्यायची ती कथा सुटेल म्हणून?

कथेत एक म्हातारी होती. पोरगा पलटणीत निघाला म्हणून मरीमायला बोकड कबूल करणारी. देवमनने तिला अशी रंगवली होती की वाचणाऱ्यांनी पोट धरून हसावं आणि हसता हसता त्यांचे डोळे उघडावेत. पण गेले कित्येक दिवस म्हातारी हात जोडून तशीच उभी, पुढे सरकायलाच तयार नाही. ती त्याचीच माय होती, मनकर्णा. मरूनही हट्ट सुटला नव्हता तिचा.

एकावन्न साली तिने खरंच बोकड कबूल केला होता. बराकीत त्याने ते सांगितलं तेव्हा सगळे हसले, तोही हसला... पण काश्मिरात, पहाऱ्यावर, दात वाजत असताना मनात यायचं, की आपण इथे बर्फात उभे आणि तिकडे गावी, हिवरखेडला, आपल्या नावाचा तो पठ्ठ्या निवांत बाभळीचा पाला खातो आहे. तो खातो आहे तोवर आपल्याला काही होत नाही. हे मी कथेत लिहिलं का? नाही लिहिलं. छप्पन साली, बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर, रजेवर येऊन घरातले देव गोळा करून नदीत सोडले तेही मीच. माय दारात उभी राहून बघत होती.

"कावून काढले बुटं? बोलावणं आलं काय?"

पंचफुला सूप घेऊन उभी होती. त्याची बायको, पण कधी मागे येऊन उभी राहील याचा नेम नाही.

"नाही. पडले होते, म्हणून."

ती बुटांकडे पाहत राहिली. मग खाली बसून डाळ पाखडायला लागली.

"तवा तुमच्या मायनं मरीमायले बोकड कबूल केला होता," ती म्हणाली. "आता म्या कोणाले सांगू?"

याचं उत्तर त्याच्या जिभेवर होतं. यावर त्याने लेख लिहिले होते, सभेत टाळ्या घेतल्या होत्या.

"असं काही नसते, पंचफुला."

"मले मालूम हाये. म्या कुठं म्हटलं, करीन म्हणून? निस्तं इचारलं."

तिच्या आवाजात ना राग, ना रडणं. जाऊ नका, असंही ती म्हणाली नाही — आणि आपण सकाळपासून तेच ऐकायला थांबलो होतो, हे त्याला आत्ता कळलं. त्याने शिकवलेलं सगळं ती नीट शिकली होती. देव पुन्हा घरात आले असते तर त्याने पुन्हा नेऊन सोडले असते. आजसुद्धा, याच हातांनी. त्यात तिळभर शंका नव्हती. आणि तरीही... आपल्यासाठी कुणीतरी, कुठेतरी, काहीतरी कबूल करून ठेवावं, असं त्याला अगदी आतून वाटलं — आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला जायची भीती वाटली.