गाळलेलं घर

“विचारून आलात ना, मग त्या घरी परत जायचं. काही झालं असेल तर ते सांगायला. काहीच झालं नसेल तर ‘काही झालं नाही’ एवढंच सांगायला.”

भाऊ हे बोलायचे तेव्हा आम्ही वहीत लिहूनही घ्यायचो नाही, इतकं ते साधं वाटायचं. भाऊ आता नाहीत. वर्तकनगरच्या ज्या खोलीत ते आम्हाला शिकवायचे, तिथेच आता मी शिकवते. मुलांसाठी, कुटुंबांसाठी सरकार जी धोरणं आखतं, त्यांचा अभ्यास करणारी एम.ए., पीएच.डी.ची मुलं आमच्या केंद्रात येतात. लोकांच्या दारात चपला कुठे काढायच्या, इथपासून त्यांना शिकवायचं. मग ती घरोघर जातात, विचारतात, लिहितात, निघून जातात. पुढच्या वर्षी नवी मुलं येतात आणि मी पुन्हा चपलांपासून सुरू करते. आवाज पहिल्यापासून बारीक, म्हणून तेवढा टिकला. बाकी मी दमले आहे.

माझे दोन नेम आहेत. सकाळी पोथीचा अध्याय संपेपर्यंत बोलायचं नाही, आणि तिन्हीसांजेला देवीपुढचा दिवा स्वतःच्या हाताने लावायचा. सासूबाई गेल्यावर धरले, ते त्या शुक्रवारपर्यंत चुकले नव्हते. त्या सकाळी मी आसनावर बसतच होते, तर मैथिलीचा फोन. ती आमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी.

“मॅडम, तुमचं मौन असेल, माहितीये. फक्त ऐका, प्लीज. ऐकताय ना? एकदा टकटक करा.”

मी फोनवर नख वाजवलं.

“डोंबिवलीच्या आवडाबाई आठवतात? फॅक्टऱ्यांच्या मागे गावठाणात राहतात त्या. त्यांचे हात थरथरतात, नात सांभाळता येत नाही, म्हणून सून पोरीला कडेवर घेऊनच दोन घरी स्वयंपाकाला जाते. निशिगंधा. त्यांना मी पाळणाघराचं विचारलेलं. जवळ असतं तर ठेवाल का, किती वाजता उघडायला हवं, खिचडी चालेल का, सगळं. आणि निघताना बोललेले की पुढे काय होतं ते सांगायला येईन. आता सकाळी सकाळी आवडाबाईंचा फोन. ‘बाय, तुजा पालनाघर कवा उघरनार? सुनेला प्याकिंगचा काम मिललाय. सोमवारपास्नं जायाचा हाय. उद्या ती सैपाकाची घरा सोरतेय.’ मॅडम, त्यांना वाटतंय मी पाळणाघर काढतेय!”

ही चूक आमच्याच कामात होते. पाळणाघर कधी उघडावं, खिचडी असावी की पेज, इतकं बारीक आपण विचारतो की समोरच्या बाईला ते पाळणाघर दिसायलाच लागतं. आपण उठून येतो. ती तिथेच बसलेली असते.

“ती घरं सुटली तर लगेच दुसरी बाई लागेल तिथे. आणि पोरीला घेऊन फॅक्टरीत कोण घेणार? मॅडम, फोनवरच सांगून टाकू का?”

मी दोनदा नख वाजवलं. दोनदा म्हणजे नाही, असं काही आमचं ठरलेलं नव्हतं. पण तिला कळलं. अध्याय वाचला, त्यातलं एक अक्षर डोक्यात राहिलं नाही. मग तिला लिहून पाठवलं : निशिगंधा संध्याकाळी घरी असेल, तेव्हा आपण दोघी जाऊ. मी येते.

केंद्रात पोचले तर मैथिली आलेली होती आणि सलिलला आधीच समजलं होतं. तो आमचा अभ्यासप्रमुख, माझ्याहून बराच लहान, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये सकाळ घालवून नुकताच येऊन टेकलेला.

“उत्तराताई, आपली प्रश्नांची दुसरी फेरी व्हायची आहे. मध्येच जाऊन तुम्ही त्यांना चार गोष्टी सांगितल्या, तर पुढची उत्तरं त्यांची राहतील का?”

“नाही राहणार.”

“मग?”

“मग ते घर अभ्यासातून गाळायचं.”

“आणि हिचा प्रबंध? हिची घरं आधीच कमी पडतायत. गाईड परत पाठवतील.”

“अगं, फोन कर ना यार,” साकेत खुर्चीतूनच म्हणाला. तो मैथिलीच्याच तुकडीतला. “सॉरी बोल, विषय संपव.”

“तू बोल सॉरी. तुला कोणी शेजारून दूध आणून चहा दिलाय का?”

“मला कोणी चहाच विचारत नाही.”

“फोनवर बाई ‘बरं’ म्हणते आणि ठेवून देते,” मी म्हणाले. “त्या ‘बरं’चं पुढे काय झालं, ते आपल्याला कळत नाही.”

सलिलने चष्मा काढून डोळे चोळले. “कळतंय हो तुमचं. पण असं घरोघर परत जायला लागलो तर अहवाल कधी लिहायचा? आणि तो लिहिला नाही तर पाळणाघर कुठून होणार?”

तो काही खोटं बोलत नव्हता.

“मैथिली, घर तुझं आहे,” मी म्हणाले. “तूच ठरव.”

तिने समोरच्या स्क्रीनवरची घरांची यादी खालपर्यंत सरकवली. मग म्हणाली, “गाळा सर. मी येईन म्हणून सांगितलेलं.”

“गाईडना तू सांगायचंस,” सलिल म्हणाला.

“सांगते.”

उन्हं उतरायला लागली तशी मी घरी सुनेला फोन लावला. “उर्वी, आज दिवा तू लाव गं.”

“आई, तुम्ही बऱ्या आहात ना?”

“बरी आहे. वात नवी घाल.”

नेम मोडला, असं मनात आलं. ते तसंच राहू दिलं, आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली.

मैथिली दाराशी सँडलचा पट्टा लावत होती. “मॅडम, त्या चिडल्या तर?”

“चिडतील.”

“मग काय करायचं?”

“ऐकून घ्यायचं. बस म्हणाल्या तर बसायचं.”

“आणि पाळणाघर कधी होणार विचारलं तर?”

“माहीत नाही म्हणायचं.”

तिने मान हलवली. जिना उतरताना ती ते हळूच म्हणून बघत होती, “माहीत नाही, आवडाबाई. माहीत नाही.” मी कठडा धरून तिच्या मागोमाग उतरू लागले.