वाढत्या पृथ्वीचे दंतवैद्य

दंतवैद्यांचा पृथ्वीविषयीचा सिद्धांत एका सहा वर्षांच्या मुलीच्या जबड्यात जन्माला आला. दुधाच्या दातांमध्ये फटी पडल्या म्हणून तिची आई घाबरून तिला दवाखान्यात घेऊन आली होती. "दात सरकलेले नाहीत, जबडा वाढतोय," असं त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितलं आणि आई निर्धास्त होऊन निघून गेली. दंतवैद्य मात्र हातातला आरसा तसाच धरून उभे राहिले. खुर्चीतल्या पेशंटला बघायला काहीतरी असावं म्हणून समोरच्या भिंतीवर जगाचा नकाशा लावलेला होता. तो त्यांनी रोज पाहिला होता, पण आज त्यांना तो दिसला. खंड सरकतात असं म्हणणारे सगळे शास्त्रज्ञ त्या आईसारखेच होते. खंड जिथल्या तिथे होते, वाढत होती ती पृथ्वी. आणि महासागर म्हणजे नुसत्या फटी.

असं म्हणणारे काही जण जगात आपल्या आधी होऊन गेलेत, हे त्यांना पुढे वाचनातून कळलं. त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांच्यापैकी दंतवैद्य कोणीच नव्हता.

त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांनी हा सिद्धांत पेशंटांना ऐकवला. तोंडात कापूस कोंबलेला माणूस फार तर "अं" म्हणतो, आणि "अं" म्हणजे होकार असं ते धरून चालत. गावात त्यांचा हात हलका म्हणून नाव होतं, त्यामुळे लोक दातांबरोबर पृथ्वीही सोसत.

मग मुलाने लग्न केलं, ते भूकंपमापन केंद्रात काम करणाऱ्या मुलीशी.

"आता जरा जपून बोला," बायको म्हणाली. "तिची पोटापाण्याची विद्या आहे ती."

दंतवैद्य मनातून खूश होते. घरबसल्या तोलामोलाचा विरोधक मिळाला होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जेवताना विषय काढला. सुनेने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबा, पृथ्वी एवढी फुगली असेल, तर तिच्यात भर पडायला माल कुठून आला?"

"ते शोधायला सरकार तुम्हाला पगार देतं."

"उपग्रहांनी मोजलंय. वाढ दिसत नाही."

"मोजपट्टीच वाढत असेल तर कशी दिसणार?"

सून पाणी प्यायली. भांडायचं नसलं की ती पाणी प्यायची. मग तिने समजावून सांगितलं. समुद्राच्या तळाशी एकीकडे नवी जमीन तयार होते आणि दुसरीकडे जुनी तिरकी होऊन खाली शिरते. ती कुठून खाली जाते ते भूकंपच दाखवून देतात, कारण त्यांची केंद्रं त्या उताराने खोल खोल उतरत गेलेली असतात. दंतवैद्यांनी ते सगळं खोडून काढलं. पुढच्या आठवड्यात तिने आणखी पुरावे दिले, तेही त्यांनी खोडून काढले. शत्रूचा किल्ला घ्यायचा तर त्याच्या वाटा पाठ हव्यात, म्हणून तिची पुस्तकं ते दुपारी गुपचूप वाचत. मुलगा जेवण उरकून लवकर उठायला शिकला.

दवाखाना बंद करून ते घरी बसले त्याच वर्षी त्यांना 'स्वतंत्र भूविचार मंडळा'चं आमंत्रण आलं. शेजारच्या शहरात अधिवेशन होतं आणि त्यात त्यांचं भाषण. दंतवैद्यांना आकाश ठेंगणं झालं. कवळ्या बनवायचं उरलेलं गुलाबी साहित्य काढून त्यांनी खंडांचे पातळ तुकडे घडवले आणि एका अर्धवट फुगवलेल्या निळ्या फुग्यावर एकमेकांना भिडवून चिकटवले. फुगा आणखी फुगवला की खंड दूर जात आणि मधे निळा समुद्र दिसे.

"सगळी पृथ्वी हिरड्यांची झाली की हो," बायको म्हणाली.

मुलगा परगावी होता, म्हणून सून गाडी चालवायला तयार झाली. दंतवैद्यांनी तिला वाटेत बजावलं, "तिथे तू कुठे काम करतेस ते सांगू नकोस. सून आहेस, एवढं पुरे."

"आहेच मी सून," ती म्हणाली.

अधिवेशन एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये होतं. पहिले वक्ते आयुष्यभर बोटीवर हिशेब लिहिलेले गृहस्थ होते. पृथ्वी वाळत्या सफरचंदासारखी आटत चालली आहे आणि डोंगर म्हणजे तिच्या सुरकुत्या, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या एक वकीलबाई होत्या. त्यांच्या मते काहीच वाढत नव्हतं, आटत नव्हतं, सरकतही नव्हतं. किनारे जुळतात ते निव्वळ योगायोगाने. पुन्हा तितक्याच टाळ्या पडल्या. तिसऱ्यांनी पृथ्वी आतून पोकळ असल्याचं सांगितलं तेव्हा काही जण उभे राहिले.

दंतवैद्य अस्वस्थ झाले. शेवटी ते अध्यक्षांच्या कानाशी लागले. "अहो, यांची आटतेय, माझी वाढतेय, बाईंची हलतच नाही. तुम्ही टाळ्या कोणत्या पृथ्वीला वाजवताय?"

"डॉक्टर, इथे आपण एकमेकांना खोडत नाही," अध्यक्ष समजुतीने म्हणाले. "त्याला बाहेरचे लोक आहेत."

दंतवैद्यांची पाळी आली. फुगा फुगवून ते मुद्द्यावर येतात न येतात तोच वकीलबाईंनी हात वर केला. "किनारे जुळतात हा तुमचा भास आहे."

ती मोठी चूक झाली. दंतवैद्यांना विरोध सोसवत नसे, आणि अडाणी विरोध तर मुळीच नाही. दोन्ही किनाऱ्यांवर एकच खडक आहे, एकाच प्राण्याची हाडं आहेत, समुद्रतळावर चुंबकाने आखलेले पट्टे दोन्ही बाजूंना सारखे आहेत, असं एकामागून एक त्यांनी बाईंच्या पुढ्यात टाकलं. मग ते सफरचंदवाल्यांकडे वळले. पृथ्वी आटतेय तर समुद्रतळ मधोमध फाटतोय कसा? आणि पोकळीवाल्यांनी "पण आत तर—" एवढं म्हणताच ते कडाडले, "पोकळ असती तर सातशे किलोमीटर खोल भूकंप कशात होतात? हवेत?"

"मग कशात होतात?" पोकळीवाल्यांनी विचारलं.

"खाली जाणाऱ्या भूपट्टात," दंतवैद्य म्हणाले. "समुद्रतळ तिथे तिरका होऊन आत शिरतो."

मागच्या रांगेत बसलेल्या सुनेने मान खाली घातली. आपण काय बोलून बसलो ते दंतवैद्यांच्या ध्यानात यायला अंमळ वेळ लागला. समुद्रतळ एकीकडे आत शिरत असेल तर पृथ्वीला वाढायचं काही कारणच उरत नव्हतं.

"तुम्हाला कोणी पाठवलंय?" अध्यक्षांनी विचारलं. आवाजात मघाची समजूत नव्हती.

जेवणाआधीच त्यांचं सदस्यत्व रद्द झालं. मंडळाच्या इतिहासात एकमेकांना न खोडणाऱ्या या लोकांनी एकमताने केलेलं ते पहिलंच काम असावं.

परतताना दंतवैद्य फुगा मांडीवर घेऊन बसले होते.

"तो मुद्दा माझा नव्हता, तुझा होता," ते म्हणाले.

"छान मांडलात, बाबा. मला इतकं थोडक्यात जमत नाही."

"मांडला. मानलेला नाही."

"नाही ना मानलात. मी कुठे म्हणतेय?"

मंडळाने आपल्या मासिकात त्यांच्यावर दोन पानं खर्च केली. 'प्रस्थापित विज्ञानाचा हस्तक, भूपट्टांचा कट्टर प्रचारक' असं त्यांना म्हटलं होतं. दंतवैद्यांना रात्रभर झोप लागली नाही. पण ते मासिक फिरत फिरत एका शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या हाती पडलं. भूपट्टांवर सोप्या भाषेत बोलणारा माणूस त्या शोधतच होत्या. त्यांनी फोन केला.

"मी कशाला जाऊ?" दंतवैद्य घरात येरझारा घालत म्हणाले. "मला ते पटत नाही."

"मग कळवा तसं," बायको म्हणाली.

त्यांनी कळवलं नाही. एवढे मोठे श्रोते त्यांना कधी मिळाले नव्हते, आणि कोणाच्याही तोंडात कापूस नसणार होता. ते सुनेसमोर जाऊन बसले. तिने आकृत्या तपासल्या. दोघांचं दर चित्रावर वाजलं, दाराआडून बायकोला सगळं ऐकू येत होतं. शेवटी सून म्हणाली, "शेवटी थोडं तुमचंही सांगा. पण 'मला असं वाटतं' म्हणून सुरुवात करा."

हे तीन शब्द दंतवैद्यांनी आयुष्यात जोडून उच्चारले नव्हते. बरेच आढेवेढे घेऊन ते कबूल झाले.

शाळेत त्यांचं भाषण झकास झालं. भूपट्ट त्यांनी असे सरकवले की मागच्या बाकावरची मुलंही हसायची थांबली. वेळ संपत आला तसा त्यांनी पिशवीतून गुलाबी खंडांचा फुगा काढला, घसा साफ केला आणि नाइलाजाने म्हणाले, "मला असं वाटतं, की पृथ्वी वाढते."

"म्हणजे तुम्हाला खात्री नाही का, डॉक्टर?" भूगोलाच्या बाईंनी विचारलं.

"खात्री आहे हो," दंतवैद्य म्हणाले. "पण सुनेला शब्द दिलाय."