दुधाच्या मापांचा हेडफोन

केजच्या बसस्टँडमागच्या गल्लीत दिलावरचं रेडिओ-स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तिथं शिरणाऱ्या प्रत्येक माणसाची त्याच्या नकळत परीक्षा व्हायची. भिंतीला दोन खिळ्यांवर दोन हेडफोन टांगलेले असायचे. एक मोबाईलच्या दुकानातून आणलेला, काळाभोर, चकचकीत, कानापाशी निळा दिवा लागणारा. दुसरा दिलावरनं स्वतः जोडलेला, वायरी बाहेर आलेल्या, चिकटपट्टी गुंडाळलेली. गिऱ्हाइकाचा हात हमखास निळ्या दिव्याकडं जायचा. दिलावर तोंडानं काही म्हणायचा नाही, पण मनातल्या मनात त्या माणसावर कायमची काट मारायचा. इतक्या वर्षांत दुसऱ्या खिळ्याकडं आपणहून हात नेणारा एकच माणूस निघाला, तो म्हणजे सुंदरराव.

सुंदरराव सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू मशीनला लावायचे, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, हे बेअरिंग आठवडाभरात जाणार. डिग्रीवाले इंजिनिअर हसायचे. आठवड्यानं बेअरिंग जायचं आणि हसणाऱ्यांचीच पळापळ व्हायची. असा माणूस सुट्टीच्या दिवशी केजला येऊन दिलावरच्या स्टुलावर बसायचा. हेडफोन एक आणि ऐकणारे दोघं. आधी एकानं ऐकायचं, मग दुसऱ्यानं, आणि मग कडाकडा भांडायचं. झांज जास्त टोचते की नाही या एका गोष्टीवरून दोघं एकदा दीड महिना बोलले नव्हते.

ऐकायची कॅसेटही ठरलेली. कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या दिवशी गव्हाणीत, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर, पहिली मोळी टाकतात. त्याआधी कामगारांचं भजन असायचं. एका साली सुंदररावांनी दोन माईक लावून ते टेप केलं होतं. कुठलाही हेडफोन तयार झाला की आधी हे भजन लावायचं आणि त्यावरच पास की नापास ते ठरवायचं.

मग पाऊस हरवला. एक साल गेलं, दुसरं गेलं, आणि तिसऱ्या सालापर्यंत ऊस उरला तो चारा छावणीत जनावरांपुढं टाकण्याइतकाच. कारखाना दोन हंगाम बंद राहिला आणि सुंदररावांना त्यांच्या मुलानं पुण्याला नेलं. दिलावर स्टँडवर पोचवायला गेला, तेव्हा गाडी सुटेपर्यंत दोघं एसटीच्या इंजिनच्या आवाजावर बोलत राहिले. दिलावरची बायको अजमतबी चार वर्षांपूर्वी वारली होती, मुलगी औरंगाबादला सासरी. दुष्काळात लग्नं गुपचूप उरकली जात होती, त्यामुळं स्पीकरही दुरुस्तीला येईनात. दिवसभरात त्याच्याशी बोलणारा माणूस म्हणजे शेजारचा चहावाला शहादेव, आणि तोही बहुतेक वेळा 'चहा ठिवलाय' एवढंच म्हणून निघून जायचा. दिलावर एकटा पडला होता आणि हे त्याला स्वतःला चांगलं ठाऊक होतं.

तिसऱ्या प्रहरी असरची नमाज झाली की तो रोज पुण्याला फोन लावायचा. अलीकडं सुंदरराव आपलंच बोलायचे आणि विचारलेल्याचं उत्तर राहून जायचं. दिलावरनं ते रेंजवर ढकललं.

"पोराचा हेडफोन लावून बघितला बे," एकदा सुंदरराव म्हणाले. "लई महागाचा. तोंड बघावं असा चकाकतोय. पन आवाज म्हंशील तर कायबी न्हाई त्यात."

"मंग मी करून पाठवतो तुमाला."

"पाठव. पन जरा बघन्यासारखा कर. सूनबाईनं माझा ट्रान्झिस्टर भंगारात घातला. चिकटपट्टीची वस्तू ह्या घरात टिकत न्हाई."

दिलावरला आठ महिने लागले. आत बसवायला जुने जर्मन स्पीकर होते. औरंगाबादच्या भंगार बाजारात कधीतरी हाती लागलेले, ते त्यानं अजमतबीच्या बांगड्यांच्या डब्यात कापसात जपून ठेवले होते. गायी विकल्या गेल्यामुळं गावातल्या दूध संस्थेचं संकलन बंद पडलं होतं आणि तिची ॲल्युमिनियमची मापं भंगारात आली होती. त्यातली दोन लहान मापं कापून त्यानं कानावरच्या वाट्या केल्या. डोक्यावरच्या पट्टीला दात घासून काढलेलं करवतीचं पातं घेतलं आणि त्यावर बैलाच्या गळ्यातला चामडी पट्टा शिवला. शेवटी वाट्यांच्या पाठीला सुईएवढी भोकं पाडायला घेतली. सगळी करामत या भोकांत होती. आतला पडदा हलतो तेव्हा मागच्या हवेला बाहेर पडायला वाट लागते. वाट कमी झाली तर आवाज कोंडतो, जास्त झाली तर पातळ होतो. म्हणून एक भोक पाडायचं, भजन ऐकायचं, पुन्हा एक पाडायचं. चाळिसाव्या भोकाला मृदंग खुलला नव्हता, एकेचाळिसाव्याला खुलला.

त्या दुपारी त्यानं भजन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन उतरवला आणि सवयीनं शेजारी हात पुढं केला, तर स्टूल रिकामं. जन्मात एकदा एवढं चांगलं काही हातून झालं आणि 'ऐका जरा' म्हणायला माणूस नाही, याचं त्याला रडू आलं.

दिसायला मात्र तो हेडफोन अगदीच भणंग होता. मापाचे पोचे तसेच, त्यावर ठोकलेला संस्थेचा नंबरही तसाच. शहादेवनं चहा ठेवता ठेवता बघितलं आणि पहिल्यांदाच एका वाक्याच्या पुढं गेला. "चाचा, हे कानाला कावून लावायलाव? दूध मोजायलाव का कानानं?"

दिलावरला पुण्याची सून आठवली. आठ महिन्यांची मेहनतही ट्रान्झिस्टरच्या वाटेनं भंगारात जाणार होती. त्यानं स्पीकर काढून घेतले आणि रिकाम्या वाट्या गल्लीतल्या बिभीषण पेंटरकडं दिल्या. बिभीषण ट्रॅक्टरची बॉनेटं रंगवायचा, आणि त्याच्या हाताला तालुक्यात तोड नव्हती.

"दोन दिस द्या चाचा. नवरीवानी करून देतो."

"रंग पातळ मार," एवढंच दिलावरनं सांगितलं. भोकांचं बोलला नाही. भोकं डोळ्यांना दिसतायत, त्यात सांगायचं काय, असं त्याला वाटलं. आता पेंटर लोकांना भोक दिसतं ते बुजवण्यासाठीच, हे तीस वर्षं शेजारात काढलेल्या माणसाला कळायला नको होतं का? पण नाही सुचलं.

शुक्रवारी वाट्या आल्या. डाळिंबी लाल, गुळगुळीत, पोचा औषधाला सापडेना. दिलावरनं त्या उलट्या केल्या आणि त्याचा चेहरा उतरला.

"भोकं कुठायत रे?"

"कीड लागल्यावानी दिसत व्हतं चाचा. समदी पुट्टीनं भरली, घासली, वरून तीन हात मारले. एक बी ऱ्हाऊ दिलं न्हाई," बिभीषण कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला. त्यानं जीव ओतून काम केलं होतं, त्याला काय रागावणार?

दिलावरनं स्पीकर बसवून भजन लावलं. रिकाम्या घागरीत तोंड घालून कुणीतरी म्हणतंय, असं ते ऐकू आलं. त्यानं बारीक ड्रिल हातात घेतलं, त्या लाल रंगावर टेकवलं, पण दाबवेना. टवका उडणार हे दिसतच होतं. तेवढ्यात सुंदररावांचा पुतण्या गहिनीनाथ दारात आला. तो पुण्याला निघाला होता आणि गाडी फलाटाला लागली होती. त्याच्यामागं शहादेव, त्याच्यामागं एक कंडक्टर. हेडफोन हातोहात फिरला. कंडक्टर म्हणाला, कुठल्या कंपनीचा? दिलावरच्या तीस वर्षांच्या कामाला गल्लीनं केलेली ही पहिली वाहवा होती. खोटं कशाला बोला, तो सुखावला. ज्या चकाकीसाठी त्यानं लोकांवर जन्मभर काट मारली, तिलाच तो भुलला.

आणि त्यानं स्वतःची समजूतही घातली. सुंदरराव कानाला लावतील, दोन मिनिटं ऐकतील आणि फोन करतील. भोकं कावून बुजवली बे, असं ओरडतील. आईवरून शिव्या देतील. मग मी म्हणेन, ड्रिल घ्या हातात, आणि एकेक भोक पाडत जाऊ, तुमी तिकडं पाडा, मी हिकडून फोनवर सांगतो. या शिव्यांसाठी तो इतका आसुसला होता की त्यानं हेडफोन जुन्या धोतरात गुंडाळून गहिनीनाथच्या हाती दिला.

शनिवार गेला, रविवार गेला. त्यानं मुद्दाम फोन केला नाही. सोमवारी असरच्या आधीच फोन वाजला.

"दिलावर! आरं काय वस्तू केलीस! सूनबाईला शोरूमचाच वाटला. काचंच्या कपाटात ठिवलाय, टीव्हीच्या शेजारी."

"ऐकला का?"

"तर! एक नंबर."

"आन मृदंग?"

"मृदंग बी एक नंबर. एकदम मोकळा."

मोकळा! दिलावरच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गल्लीनं खोटी वाहवा केली तर चालतं, गल्लीला कान नाहीत. पण या माणसानं? पुण्याला जाऊन गोड बोलायला शिकला?

"सुंदरराव," तो म्हणाला, "माझ्याशी खोटं कावून बोलायलाव?"

सुंदररावांचा आवाज एकदम खाली उतरला.

"दोन्ही कान गेले बे. वरीस झालं. मशीन लावलंय. बोलनं कळतं, तेबी निम्मं. गानं न्हाई कळत. भजन लावलं की पत्र्यावर खडे पडल्यावानी वाटतं. त्या पोराच्या हेडफोनात बी काय वाईट नसंल. मलाच ऐकू येत नव्हतं."

"मंग मला सांगितलं कावून न्हाई?"

"कसं सांगू? तुझी दोस्ती माझ्या कानांशी व्हती."

एकेचाळीस भोकं बुजली आहेत हे सांगायला दिलावरनं तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. आता सांगून उपयोग काय, आणि कुणाला? केजात ऐकणारं कुणी नव्हतं, आज पुण्यातही उरलं नाही. बायको गेली तेव्हा वाटलं होतं तसं, भर दुपारी घरातून कुणी उठून गेल्यासारखं त्याला वाटलं.

"दिलावर," सुंदरराव म्हणाले, "तू ऐकलास न्हवं नीट? मंग मला सांग. कसा वाटला?"

दिलावरनं डोळे मिटले. रंगाच्या आधीची ती दुपार त्यानं आठवली, आणि मशीनमधून शब्द कळावेत म्हणून सावकाश, मोठ्यानं बोलायला लागला. पेटीवाला सुरुवातीला नुसता भाता हलवतो, सूर नंतर लागतो. मृदंगवाला थापेआधी चामड्यावरच्या काळ्या शाईवरून बोट फिरवतो, तेही येतं. मागं कुणीतरी खोकतं आणि लांबवर बैलगाडीचा आस करकरतो.

"पुढं?"

"पुढं भजन थांबलं. आन मोळी पडली."

"कंच्या बाजूला?"

"उजव्या कानाला."

"बराबर," सुंदरराव म्हणाले. "माझ्या उजव्या हातालाच व्हती गव्हान." मग थोडं थांबून, लहान होऊन विचारावं तसं त्यांनी विचारलं, "उद्या बी सांगशील का बे?"

त्या लाल वाट्यांतून तो आवाज आता कधीच येणार नव्हता. तो फक्त दिलावरच्या डोक्यात उरला होता, आणि त्याचं वय साठीकडं झुकलं होतं.

"रोज सांगतो," तो म्हणाला.