महिन्याचं घर

तिच्या डोक्यात दरवर्षी एक नवं खूळ शिरायचं आणि घराला ते निमूटपणे सोसावं लागायचं. एका वर्षी सगळं घर हिरवं झालं. पडद्यांवर पानं, उशांवर पानं, जेवायच्या ताटांवरसुद्धा पानं. नवरा म्हणाला, "आता मी चरायलाच बसतो." पुढच्या वर्षी तांब्याच्या वस्तूंची लाट आली आणि पानं माळ्यावर गेली. यंदा हंगाम दुधी रंगाचा होता. भिंती, सोफा, पडदे, गालिचा, चहाचं बुटकं टेबल, दरवाजांच्या मुठी, झाडून सगळं दुधी. स्वतःचे कपडेही तिने त्याच रंगाचे करून टाकले, कारण घराशी न जुळणारी बाई घरात बसली तर फोटो बिघडतो, असं तिला अगदी मनापासून वाटायचं.

ती दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसायची. पेशंट गाल धरून बसायचे, समोरची घरसजावटीची मासिकं कोणी उघडायचं नाही, म्हणून ती सगळी हीच वाचून काढायची. तिथूनच तिला फोनवरच्या चाळीसेक बायकांच्या एका ग्रुपचा पत्ता लागला. ग्रुपची एक पद्धत होती. महिन्यातून एकदा पाच-सहा जणी कुणा एकीचं घर पाहायला जायच्या, कोपरा न् कोपरा बघायच्या आणि पसंत पडलं तर ते 'महिन्याचं घर' ठरायचं. मग महिनाभर त्या घराचा फोटो ग्रुपच्या माथ्यावर. मिळायचं काहीच नाही, पण तिने या फोटोसाठी दीड वर्ष वाट पाहिली होती.

आणि या सगळ्यात तिचा साथीदार कोण, तर सासरे! आयुष्यभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. सगळी गल्ली त्यांना पेंटरबाबा म्हणायची. दुपारी पार्सलवाला आला की ते दार उघडायचे, खोकं उचलायचे आणि आपल्या खाटेखाली सरकवायचे. संध्याकाळी ती कामावरून आली की हळूच म्हणायचे, "सूनबाई, तुझा नवा भाडेकरू आलाय बरं का." एका अक्षरानं त्यांनी मुलाला कधी सांगितलं नाही. नवरा विचारायचा, "हा दिवा नवा का?" आणि बाबाच आतून ओरडायचे, "जुनाच आहे रे, तुझं लक्ष असतं कुठे!"

बाबांची नजर कमी झाली होती हे घरात माहीत होतं. किती कमी, ते कोणी विचारलं नव्हतं. विचारलं तरी ते म्हणायचे, "लख्ख दिसतं." हिला ते सोयीचंही होतं. ज्या पिशव्या त्यांच्याही नजरेला पडू नयेत असं वाटे, त्या ती त्यांच्यासमोरून पाय न वाजवता आत न्यायची. ते हसऱ्या चेहऱ्यानं भलतीकडेच बघत बसलेले असायचे.

रंग दुधी झाल्यानंतर महिन्याभरात घरात लाल ठिपके दिसायला लागले. ऑइलपेंटचे, बोटाच्या पेराएवढे, गोल. एक न्हाणीघराच्या नळावर. एक दिव्याच्या बटणापाशी. दोन बाबांच्या खुर्चीच्या हातांवर. बुटक्या टेबलाच्या तर चारही कोपऱ्यांवर! तिला रडूच आलं. नवऱ्याकडे तक्रार केली तर तो म्हणाला, "हात शिवशिवतात गं त्यांचे. चाळीस वर्षं ब्रश धरलाय. करू दे." बाबांना विचारावं असं तिच्या मनात दोनदा आलं, पण विचारलं तर ते थांबणार नाहीत आणि मग उगीच वाद, म्हणून तिने गप्प राहून बेत ठरवला.

ग्रुपच्या बायका रविवारी चारला येणार होत्या. सकाळी नवरा बाहेर गेल्यावर तिने सुरी आणि टर्पेंटाइनची बाटली घेतली आणि एकेक ठिपका खरवडून, वर बोळा फिरवून काढून टाकला. एकूण सतरा निघाले. खिडकीपाशी सोफा यावा म्हणून बाबांची खुर्ची तिथून भिंतीकडे सरकवली, तिच्यावर दुधी खोळ चढवली.

बाबा खोलीतून बाहेर आले आणि उंबऱ्यातच थांबले. नाक वर करून म्हणाले, "टर्पेंटाइनचा वास येतोय."

"खिडक्या पुसल्या," ती म्हणाली.

ज्या माणसाचा जन्म त्या वासात गेला, त्याला ती हे सांगत होती. ते "बरं" म्हणून आत गेले. दुपारी तिने त्यांना नवा दुधी सदरा दिला आणि सांगितलं, "बायका आल्या की बाहेर येऊन दोन शब्द बोला हं बाबा. घर भरलेलं वाटतं." त्यांनी सदरा घातला.

सहा जणी आल्या. पुढारीणबाईंचं पडद्यांचं दुकान होतं, त्यामुळे सगळ्या त्यांना पडदेवाल्या ताई म्हणायच्या. हंगामाप्रमाणे त्यांचाही पोशाख दुधीच होता. त्या घरभर फिरल्या, पडद्याची शिवण उलटून पाहिली, "वा" म्हणाल्या आणि खिडकीपाशी सोफ्याच्या टोकाला बसल्या. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बाबा आले. "या, या, बसा," असं हवेतच म्हणत, ओळखीच्या पावलांनी ते खिडकीपर्यंत गेले, जिथे सकाळपर्यंत त्यांची खुर्ची होती. हात पुढे करून काही चाचपलं नाही, तेवढा ताठा त्यांच्यात होता. पाठ वळवली आणि पडदेवाल्या ताईंच्या मांडीवर बसले.

ताई किंचाळल्या. बाबा उठायला गेले आणि त्यांची नडगी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली. कपबशा आडव्या झाल्या, गालिच्यावर चहा सांडला. एक जण फिसकन हसली. दुसरी शेजारणीला म्हणाली, "अगं बाई, या वयात!" आणि हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

बाबा पडद्याला टेकून उभे होते. चेहरा लालबुंद. ज्या माणसाकडे गल्लीतल्या पोरीबाळी पाटीची अक्षरं गिरवायला जायच्या, तो माणूस परक्या बायकांसमोर असा उभा होता. एक वाक्य पुरलं असतं. त्यांना दिसत नाही, खुर्ची मी हलवली, एवढंच. त्या क्षणी तिला सगळं कळलं होतंही. सतरा ठिपके सतरा जागी तिच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. पण तिची नजर ताईंच्या चढलेल्या भुवयांवर गेली आणि तोंडातून भलतंच निघालं.

"मनावर घेऊ नका हं ताई. त्यांचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं."

सगळ्या जणी "अरेरे" म्हणाल्या. ताई उठून बाजूला झाल्या आणि एकीने तेवढ्यात रिकाम्या सोफ्याचा फोटो काढून घेतला. बाबांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. ती होती तिथून हातभर बाजूला, रिकाम्या भिंतीकडे पाहत ते म्हणाले, "हो. वय झालं आता. माफ करा." आणि भिंतीला हात लावत आपल्या खोलीकडे गेले. आजवर त्यांनी घरात भिंतीला हात लावलेला तिने पाहिला नव्हता.

बायका गेल्या. तासाभरात फोन वाजला. तिचं घर महिन्याचं घर ठरलं होतं. फोटोखाली कौतुकाची रांग लागली होती. कोणीतरी लिहिलं होतं, "आणि घरात असा पेशंट असताना!"

तिने फोटो मोठा करून पाहिला. सांडलेला चहा खालून कापून टाकला होता; सोफा, पडदा, सगळं मासिकातल्यासारखं. बघता बघता तिला पडद्याच्या घडीपाशी एक हात दिसला. मग सदऱ्याची बाही, मग खाली घातलेली मान. बाबा फोटोत होते. धडधाकट डोळ्यांच्या चाळीस बायकांना ते दिसले नव्हते, आणि तिलाही पहिल्यांदा नाहीच. तिला स्वतःची एवढी किळस आली की तिने फोन उपडा ठेवला.

ती बाबांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. ते खाटेवर बसून नडगी चोळत होते. तोंड दाराकडेच होतं.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मी आहे, बाबा."

"तू होय. अगं, तू लाल स्वेटर घालायचीस तेव्हा लांबून कळायचं. आता तू भिंतीतच मिसळून जातेस."

ती खाली त्यांच्या पायाशी बसली. "बाबा, का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? पेंटरला दिसत नाही म्हणून?" ते थोडं हसले. "पांढऱ्यावर पांढरं लिहिलं तर कोणालाच वाचता येत नाही, एवढंच धंद्यातलं ज्ञान. म्हणून ठिपके दिले. तुझं घर बिघडत होतं, कळत होतं मला. सर्वांत लहान ब्रश वापरला. अगदी जवळ गेलं की दिसायचे, तेवढ्यावर भागवलं."

माफी मागायची तर चार भिंतींच्या आत मागून भागणार नव्हतं, कारण पाप सहा जणींसमोर केलं होतं. तिने फोन आणला, ग्रुप उघडला आणि तिथेच बसून लिहिलं. तीनदा खोडलं. मग मोठ्यानं वाचून दाखवलं: "माझ्या सासऱ्यांचं डोकं ठिकाणावर आहे. त्यांना दिसत नाही. ते वाट शोधायला घरात लाल ठिपके द्यायचे, ते आज सकाळी मी खरवडून काढले आणि त्यांची खुर्ची हलवली. तुमच्यासमोर मी खोटं बोलले. हे घर महिन्याचं घर नाही."

"एवढं कशाला गं," बाबा पुटपुटले. पण पाठवू नकोस म्हणाले नाहीत. तिने पाठवलं. फोन वाजायला लागला, तो तिने बंद केला.

मग खाटेखाली वाकून, आपलीच दोन न उघडलेली खोकी बाजूला सारून, तिने रंगाचा डबा आणि ब्रश बाहेर काढला. बाबांना हाताला धरून बाहेर आणलं. खुर्ची खिडकीपाशी परत ठेवली, खोळ ओढून काढली, त्यांना बसवलं. गालिच्यावर चहाचा डाग तसाच होता. ती टेबलापाशी गुडघे टेकून बसली आणि दुधी कोपऱ्यावर एक ठिपका दिला.

"दिसतो का, बाबा?"

त्यांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले. "नाही. मोठा दे."

तिने आणखी एक फटकारा मारला.

"अजून मोठा," पेंटरबाबा म्हणाले. "पाटी रंगवताना लाजून चालत नाही, सूनबाई."